ओल्या बादलीतला हात

मुकादमबाईला त्या तीन गल्ल्या तोंडावर मुकादमबाई म्हणायच्या आणि पाठ फिरली की चाळण. नाव ठेवणाऱ्यानं अगदी नेमकं ठेवलं होतं. दोनशे चाळीस घरांचा कचरा रोज तिच्या आणि तिच्या तेरा बायकांच्या हाताखालून जायचा, आणि त्यातून भलतंसलतं काही निसटून पुढं गेलंय असं सहा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. ओल्यात प्लॅस्टिक नाही, सुक्यात उष्टं नाही. डोळे मिटून ढिगात हात घातला तरी तिची बोटं सांगायची, हे अंड्याचं टरफल, ही गोळ्यांची पट्टी, हे दाढीचं ब्लेड, सांभाळून. पालिकेच्या खात्यानं हातमोजे दिले होते, ते ती खिशात ठेवायची. मोज्यातून काही कळत नाही म्हणायची.

पद्धत अशी होती. सकाळी ढकलगाड्या दारोदार फिरायच्या. प्रत्येक घराला दोन बादल्या, हिरवी ओल्याची, निळी सुक्याची. रंग दोन असले तरी आतला माल एकच असायचा. खोटं कशाला बोला, निम्म्या घरांत जी बादली हाताशी येईल तिच्यात सगळं जायचं. गोळा करून झालं की सगळ्या गाड्या पाण्याच्या टाकीमागं थांबायच्या आणि तास-दीड तास बायका खाली बसून निवडायच्या. मग काट्यावर जो कचरा चढायचा तो असा स्वच्छ, की काटेवाला म्हणायचा, 'तुमच्या वॉर्डातले लोक बाकी शहाणे हं.' मुकादमबाई नुसती हसायची. लोकांशी रोज हुज्जत घालण्यापेक्षा आपले हात चालवलेले बरे, असा तिचा सरळ हिशेब. खात्यानं फोटो काढले, शाबासकी दिली, त्यांना 'नमुना वॉर्ड' करून टाकलं. हे कसं होतं, असं कुणीही विचारलं नाही, आणि तिनंही आपणहून सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असंच तिला वाटायचं.

आणि हीच तिची चूक. चूक कसली, घोडचूक! पण ती कळायला एक कागद यावा लागला.

कागद आणला खात्याच्या इंजिनिअरनं. पोरगेला माणूस, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पण मनानं चांगला. हजेरी शेडमध्ये मुकादमबाईला समोर बसवून त्यानं सगळं स्पष्ट सांगितलं. शहराकडं पैसे उरलेले नाहीत. चौदा बायकांचा पगार या महिन्याच्या अखेरपर्यंतच. पुढं दोन रस्ते. एक, बाहेरचा एक मोठा निधी शहराला पैसे द्यायला तयार आहे. छप्पर असलेली निवडशेड, बसून नव्हे तर उभं राहून निवडता येईल असा सरकता पट्टा, आणि चौदाही जणींना पाच वर्षं काम. दुसरा, एका कंपनीची बंदिस्त ट्रक. ती येणार, सगळा कचरा एकत्र दाबणार, गावाबाहेरच्या खड्ड्यात ओतणार. तिला एक ड्रायव्हर लागतो आणि दोन हमाल. बायका लागत नाहीत.

"निधीवाले नऊ दिवसांनी तपासणीला येतायत," इंजिनिअर म्हणाला. "चिठ्ठ्या टाकून दहा घरं काढणार. सातांत वर्गीकरण बरोबर निघालं की पैसे आपले."

मुकादमबाई मोठ्यानं हसली. "साहेब, दहाच्या दहा घ्या की! आमचा कचरा म्हणजे..."

"बाई, ते गाडी बघणार नाहीत." त्यानं कागदावर बोट ठेवलं. "इथं लिहिलंय. घरात. दारातून उचलायच्या आधी, घरातली बादली उघडून."

तिचं हसू तिथंच विरलं. पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते काय, हे तिला त्या लाकडी बाकावर बसल्या बसल्या कळलं. तिनं इंजिनिअरला काही सांगितलं नाही. 'बरं' म्हणाली आणि उठली.

घरी गेली ती तडक स्वयंपाकघरात. ओट्याखालची बादली ओढून झाकण उघडलं. चहाचा चोथा, त्यात दुधाची पिशवी, तिच्यावर बटाट्याची सालं, आणि सगळ्यांत वर सासूबाईंच्या मलमाची रिकामी ट्यूब.

"आई, हे काय?"

सासूबाई पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. "काय म्हणजे? कचरा."

"दोन बादल्या कशाला आणल्यात मी घरात?"

"अगं, तू रोज काढतेसच की निवडून," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मग आम्ही कशाला डोकं चालवायचं?"

मुकादमबाई खालीच बसली. चिडावं तरी कुणावर? सासूबाई बोलत होत्या ते तिच्याच घरापुरतं नव्हतं, दोनशे चाळीस घरांचं होतं. सहा वर्षं तिनं सगळ्यांची घाण गुपचूप निस्तरली होती, आणि त्यामुळं कुणाला काही म्हणजे काही शिकावं लागलं नव्हतं. तिच्या हातांनीच लोकांना आळशी करून ठेवलं होतं. आणि आता नऊ दिवस.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर तिनं हुकूम सोडला. आजपासून दारात झाकण उघडून बघायचं. सरमिसळ दिसली की बादली तिथंच ठेवायची. कुणीही, कितीही ओरडलं, शिव्या दिल्या तरी आत हात घालायचा नाही. काय चुकलंय ते तोंडानं सांगायचं आणि पुढं व्हायचं.

तेरा जणींत सगळ्यांत थोरली होती मावशी. बेचाळीस वर्षं झाडू मारलेली बाई, जीभ दाढीच्या ब्लेडसारखी. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुझं डोकं फिरलंय का गं? दारात कचरा कुजत ठेवायचा? उद्या तेच लोक आपल्या नावानं बोंब मारतील आणि साहेब आपल्यालाच घरी बसवेल."

"मावशी, नाहीतर महिनाअखेरीस तसंही घरीच बसायचंय."

"मग निदान मानानं तरी बसू दे!"

बाकीच्या हसल्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं. एक लेकुरवाळी होती, दोन पोरं पदरात आणि नवरा परागंदा. ती हसलीच नाही. ती नुसती मुकादमबाईच्या तोंडाकडं बघत राहिली, जणू पाच वर्षांचा पगार तिथंच कुठंतरी लिहिलाय.

पहिल्या दिवशी एकशे सत्तावीस बादल्या दारात राहिल्या. काय गहजब झाला म्हणून सांगू! एकानं बादली उचलून गाडीत उलटीच केली. एका बाईनं वरच्या गॅलरीतून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "पगार कशाचा घेता मग, बघायचा?" तिसऱ्या दिवशी तीन तक्रारअर्ज खात्यात. चौथ्या दिवशी माश्या. उन्हानं गल्ल्या अशा आंबल्या, की येणारेजाणारे नाकाला रुमाल लावून चालायला लागले. इंजिनिअरचा फोन आला. "बाई, वर माझी खरडपट्टी निघतेय. जमेल ना हे?" "जमेल," ती म्हणाली आणि पुढच्या दाराकडं वळली.

सगळ्यांत अवघड काय होतं माहितेय? शिव्या नव्हेत. हात आवरणं. झाकण उघडलं की वरच एक पिशवी दिसायची. दोन बोटांनी उचलली की काम झालं, बादली स्वच्छ. बोटं आपोआप पुढं जायची. मग तिनं दोन्ही हात मागं बांधून फिरायला सुरुवात केली. लोक म्हणाले, चाळण आता इन्स्पेक्टर झाली.

पण हळूहळू सुधारणा दिसायला लागली. आपल्याच दारातल्या घाणीचा वास चार दिवस घेतल्यावर भल्याभल्यांना अक्कल येते. पाचव्या दिवशी राहिलेल्या बादल्या नव्वद, सहाव्या दिवशी एकसष्ट. सासूबाईसुद्धा ट्यूब हातात धरून ओरडून विचारायला लागल्या, "ही निळ्यात का गं?"

अडून बसला तो शिंपी. मधल्या गल्लीच्या टोकाला त्याचं घर, पुढं मशीन, मागं खोली, खोलीत अंथरुणाला खिळलेली बायको. त्याची हिरवी बादली पाच दिवस दारात होती. लांबूनच कळायचं आत काय आहे ते. सहाव्या दिवशी त्यानं मशीन थांबवलं आणि उठून बाहेर आला.

"सहा वर्षं नेलात ना मुकाट्यानं? मग आताच काय शिंगं फुटली तुम्हाला?"

मुकादमबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "नेलं, मामा! आणि कसं नेलं, विचारलंत कधी? तुमच्या घरातले वापरून फेकलेले मळके लंगोट ओल्या सालपटांत कालवून देता तुम्ही. ते कोण काढत होतं वाटतं तुम्हाला? मशीन? या हातांनी काढत होते मी, रोज, टाकीमागं बसून! मोजा सहा वर्षांचे!"

शिंप्यानं तिच्या हातांकडं बघितलं. मग बादलीकडं. मग आत, खोलीकडं, जिथं बायकोला सगळं ऐकू गेलं असणार. त्याचे कान लाल झाले. त्यानं बादली उचलली आणि आत जाऊन दार लावलं.

मुकादमबाईला लगेच वाईट वाटलं. आजारी बाईच्या कानावर असं घालायला नको होतं, सगळा दिवस तिला ते टोचत राहिलं. पण सातव्या दिवशी शिंप्याच्या दारात हिरवी बादली होती, निळी होती, आणि शेजारी कागदात घट्ट गुंडाळून, वर लाल दोऱ्याचा टाका घातलेलं वेगळं पुडकं होतं. आठव्या दिवशीही तसंच. शिंपी मात्र मान वर करत नव्हता.

नवव्या दिवशी तपासनीस आली. उंच बाई, पायात बूट, हातात वही, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही. हजेरी शेडमध्ये डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, तिनं स्वतःच्या हातानं दहा काढल्या. तेरा जणी भिंतीला लागून उभ्या होत्या. "फक्त मुकादम आणि इंजिनिअर बरोबर येतील," तपासनीस म्हणाली. "बाकीच्या इथंच थांबा."

पहिलं घर बरोबर. दुसरं बरोबर. तिसरं होतं डॉक्टरांचं. मुकादमबाई निर्धास्त, आणि ओल्यात फुटका काचेचा पेला! डॉक्टर म्हणाले, घाईत पडला असेल. तपासनीसनं फुली मारली. चौथं बरोबर, पाचवं बरोबर. सहाव्या घरात दोन्ही बादल्या रिकाम्या, आणि सगळा कचरा एका पिशवीत दाराआड लपवलेला. फुली. सातवं बरोबर. आठव्यात एक पोक्त गृहस्थ समजावून सांगायला लागले की चहाची पिशवी कागदाची असते म्हणून सुक्यात, आणि तिथं त्यांचं व्याख्यान पाच मिनिटं चाललं. फुली. नववं बरोबर.

सहा झाली. एक घर राहिलं आणि एकच हवं होतं. इंजिनिअरनं चिठ्ठी उघडून तिला दाखवली. मधल्या गल्लीच्या टोकाचं घर.

मुकादमबाईच्या जिवात जीव आला. दोन दिवस त्याच्याइतकी चोख बादली अख्ख्या वॉर्डात कुणाची नव्हती.

शिंप्याच्या दारात तपासनीस थांबली. नवव्या घराची नोंद तिला पुरी करायची होती. "बादल्या बाहेर घेऊन या," ती वहीतून मान वर न करता म्हणाली. मुकादमबाई आत गेली. मशीन बंद होतं. मागच्या अरुंद बोळात बादल्या होत्या. शिंपी खोलीतून बाहेर आला तेव्हा ती दचकलीच. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली, शर्टाची बाही ओली.

"रात्रीपासून तिला फार त्रास झाला," तो हळू म्हणाला. "तीनदा बदलावं लागलं. मला काही सुचत नव्हतं."

तिनं हिरव्या बादलीचं झाकण उचललं. सालपटं, चोथा, आणि त्यात अर्धवट रुतलेला मळका लंगोट.

दाराबाहेर तपासनीसच्या बुटांची चुळबुळ ऐकू आली. बोळात कुणी बघत नव्हतं. पुडकं करायला कोपऱ्यात वर्तमानपत्र पडलेलंच होतं. दहा सेकंदांचं काम. सहा वर्षं तिनं तेच केलं होतं. शेडमध्ये तेरा जणी भिंतीला लागून उभ्या होत्या, आणि लेकुरवाळीचं तोंड तिला लख्ख दिसलं. तिनं हात बादलीत घातला.

शिंप्यानं तिचं मनगट धरलं.

"सोडा मामा," ती कुजबुजली. "शेवटचं घर आहे. एकच हवंय."

"नाही बाई."

"अहो, चौदा जणींचं काम आहे! तुम्हाला माहितेय का..."

"माहितेय. सगळ्या गल्लीला माहितेय." त्याची पकड सैल झाली नाही. "बाई, तुम्ही त्या दिवशी बोललात ना, त्यानंतर ती दोन दिवस जेवली नाही. म्हणाली, सहा वर्षं परक्या बाईच्या हातांनी माझं काढलं आणि मला ठाऊकसुद्धा नव्हतं. मी तिला शब्द दिलाय. आमच्या घरातल्या घाणीत तुमचा हात पुन्हा जाणार नाही."

"मग तुम्ही काढा! पटकन काढा मामा, पाया पडते!"

तो खाली वाकला. खरंच वाकला, बाही सावरली, हात घातला. पण रात्रभर झोप झालेली नाही. लंगोट निम्मा वर आला आणि पुन्हा सुटला, चोथ्याचा शिंतोडा भिंतीवर उडाला. मुकादमबाईचे दोन्ही हात पुढं आले आणि तिनं ते कसेबसे मागं घेतले. पुन्हा त्यानं धरला. बोळाच्या तोंडाशी उजेड अडला. तपासनीस आत आली होती.

"बादली तशीच राहू द्या," ती म्हणाली.

शिंपी उभा राहिला. हात तसेच बरबटलेले. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "यांची नाही. यांनी शिकवलं होतं. दोन दिवस बरोबर ठेवलं, आज चुकलं. लिहा."

तपासनीसनं त्याच्याकडं बघितलं, खोलीच्या दाराकडं बघितलं. मग तिनं फुली मारली. नियमाप्रमाणं दुसरं काही ती करू शकत नव्हती, हे मुकादमबाईलाही कळत होतं, आणि तरी त्या क्षणी तिला त्या बाईचा गळा धरावासा वाटला. शिंप्याचा तर आधी.

बाहेर इंजिनिअर भिंतीला टेकून उभा होता. "सहा," तो म्हणाला. "बाई, सहांवर देत नाहीत ते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो."

"पुढच्या वर्षापर्यंत कोण असणार साहेब इथं?"

एक तारखेपासून ट्रक येणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

शेडकडं जाताना मुकादमबाई मुद्दाम लांबच्या रस्त्यानं गेली. काय सांगायचं याची तिनं जुळवाजुळव केली, आणि शेडचं दार दिसल्यावर त्यातलं एक वाक्य आठवेना. तेरा जणी अजून उभ्याच होत्या. बसायला कुणाला सुचलं नव्हतं.

"किती?" मावशीनं विचारलं.

"सहा."

लेकुरवाळी मटकन खाली बसली. कुणीतरी 'अगं आई गं' म्हणालं. मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. कोण पडलं, शेवटचं घर कुणाचं, नाव सांगा, त्याच्या दारात जाऊन बसू.

"कुणाचं ते कळून काय करणार आहात?" मुकादमबाई म्हणाली. "नाव मी सांगणार नाही."

"ताई, पण बादली आणायला तुम्हीच आत गेला असाल ना?" लेकुरवाळी रडत रडत ओरडली. "मग हळूच काढून टाकायचं होतं! तुमच्या हाताला किती वेळ लागतो? कोण बघत होतं?"

"काढतच होते गं. हात घातला होता आत."

"मग?"

"त्यानं धरला. म्हणाला, आमच्या घाणीत तुमचा हात नको."

नऊ दिवस विरोधात बोललेली मावशी पुढं आली. तिनं मुकादमबाईचा उजवा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"बेचाळीस वर्षं झाली मला," मावशी म्हणाली. "असं मला कुणी म्हणालं नाही बघ. एकानंसुद्धा नाही."

"पण काम गेलं ना मावशी आपलं," मुकादमबाई म्हणाली, आणि इतके दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई मावशीच्या खांद्यावर डोकं टेकून, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडायला लागली.